मत्स्ययंत्र आणि पांढरी माळ: ‘द्रौपदी स्वयंवर’च्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५: आधी पाठ, मग लाकूड

प्रयोग चैत्री पौर्णिमेला, १२ एप्रिलला. देवळासमोरचा बांधीव उघडा रंगमंच, ९ मीटर रुंद, ६ मीटर खोल, १ मीटर उंच, वर छप्पर नाही. एक करवत चालण्याआधी ठरवायचं ते एवढंच, की द्रुपदाने स्वयंवराचा पण म्हणून नेमकं काय उभारलं होतं?

सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र असतं: वर फिरणारा मासा, खाली पाण्यात प्रतिबिंब, नजर खाली, बाण वर. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९ खंडांत सिद्ध केलेल्या (काम १९६६ साली पुरं झालं) महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत (अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या पाठात) हे चित्र नाही. आदिपर्वात आहे ते असं: न वाकणारं बळकट धनुष्य, आकाशात टांगलेलं कृत्रिम यंत्र, त्याच्यासोबत सोन्याचं लक्ष्य. धृष्टद्युम्न सांगतो, यंत्राच्या छिद्रातून पाच बाणांनी लक्ष्य वेधा. पाचासाठी शब्द ‘दशार्ध’, म्हणजे दहाचे निम्मे. मासा आणि प्रतिबिंब नंतरच्या परंपरेतून आले.

निर्णय: मासा आणि प्रतिबिंब ठेवायचं. ते काढलं तर जत्रेतल्या माणसाला हे स्वयंवर ओळखीचंच वाटणार नाही. पण छिद्रही ठेवायचं, कारण मूळ पाठात वेधलेलं लक्ष्य त्याच छिद्रातून जमिनीवर पडतं आणि रंगमंचासाठी याहून देखणी गोष्ट नाही. बाण लागल्यावर मासा नुसता लटकत राहिला तर मागच्या रांगेला काही कळत नाही. खाली पडला तर सगळ्यांना कळतं. यंत्राची सगळी आखणी या पडण्याभोवती.

कर्णाचा प्रसंग: ‘सूताला वरणार नाही’ हे द्रौपदीचं वाक्य चिकित्सक पाठात नाही, तळटीपांत गेलं आहे. कर्ण आणि शल्य यांच्यासारख्यांनाही धनुष्य वाकलं नाही, असं पुढे ब्राह्मणच आपसात बोलतात. त्यामुळे इथे कर्ण येईल, धनुष्य उचलेल आणि ते वाकणार नाही. म्हणजे धनुष्य खरोखरच न वाकणारं हवं. अभिनयावर सोडायचं नाही.

६ फेब्रुवारी: मापं

मासा रंगमंचाच्या फळीपासून ३.६ मीटरवर. त्याच्या खाली, फळीपासून ३.२ मीटरवर आडवं चक्र, बाहेरचा व्यास १२०० मिमी, मधलं छिद्र ५०० मिमी. चक्र स्थिर. फिरतो फक्त मासा, स्वतःच्या उभ्या आसाभोवती, ५ सेकंदांत एक फेरा. चक्र फिरवायचा विचार सोडला. १२ मिमी प्लायचं एवढं कडं जवळपास पावणेसात किलोचं होतं आणि डोक्यावर तेवढं वजन फिरवत ठेवण्यात फायदा काहीच नाही. ६ मिमी प्लाय वापरून वजन निम्म्यावर आणलं. चक्राला खांबापासून वेगळी साखळी लावायची. मुख्य बोल्ट निसटला तरी कडं साखळीवर अडकून राहिलं पाहिजे.

११ फेब्रुवारी: खांब

४० × ४० × २ मिमी चौकोनी पाइप, उंची ४.२ मीटर, वर १ मीटरचा आडवा हात, खाली १.२ मीटर चौरस चौकट. पाइपचं वजन मीटरला सुमारे २.४ किलो. हाताच्या टोकाला चक्र, मोटर, मासा, नटबोल्ट धरून ६ किलो. त्यामुळे येणारं उलथवणारं बळ सुमारे ६० न्यूटन-मीटर. चौकटीवर वाळूची २५ किलोची चार पोती टाकली तर सावरणारं बळ ५८८. भरपूर.

भीती माशाची नाही, पताकेची आहे. नेपथ्याच्या चित्रात खांबाच्या टोकाला १ चौरस मीटरची पताका काढलेली आहे. ताशी ३६ किलोमीटर वाऱ्यात तिच्यावर साधारण ७२ न्यूटन जोर येतो आणि तो ४ मीटर उंचीवर लागला की २९० न्यूटन-मीटर. वाऱ्याचा वेग दीडपट झाला की जोर सव्वादोनपट होतो, म्हणजे साडेसहाशे. चैत्रात संध्याकाळी वळिवाचा एक झोत एवढा सहज असतो आणि मग खांब पोत्यांसकट आडवा. पताका खांबावरून काढली, मागच्या भिंतीवर लावली. खांबाला मागे आणि बाजूंना मिळून तीन ताणाच्या तारा, टर्नबकलसह (तार ताणायचा पेच). पुढच्या बाजूला तार नाही, तिथे नट वावरतात.

१५ फेब्रुवारी: मासा

लांबी ४५० मिमी, पोटाची जाडी १६०. आत थर्माकोल, वर कागदाचा लगदा. वर्तमानपत्राचे तुकडे दोन रात्री भिजवले, कुटले, पिळले. त्यात मैद्याची खळ, थोडा फेविकॉल आणि मेथीची पूड घातली (लगद्याला कीड लागत नाही). थर ४ मिमीच्या वर जाऊ दिला नाही. जाड थर आत ओला राहतो, वरून सुकतो आणि चार दिवसांनी तडकतो. पहिला मासा असाच गेला. दुसरा सावलीत पंख्याखाली पाच दिवस. सुकून ३८० ग्रॅम.

रंग: सोनेरी ऑइलपेंट पिवळ्या दिव्याखाली तपकिरी दिसतो. तो खरवडून बेगड चिकटवली, खवल्यांच्या आकारात कापून, शेपटीकडून डोक्याकडे, कौलं चढवतात तशी एकावर एक. मासा फिरताना प्रत्येक खवला वेगळ्या क्षणी चमकतो. डोळा ४० मिमीचा, काळा, भोवती पांढरं कडं. ते कडं नसेल तर दहा मीटरवरून डोळा गायबच.

२२ फेब्रुवारी: प्रतिबिंब

सगळ्यात जास्त वेळ यात गेला आणि जायलाच हवा होता.

पहिली परात: पत्र्याची, ९०० × ६०० मिमी, तळ निळा, ५० मिमी पाणी. नटाला पाण्यात निळा तळ दिसला, मासा नाही. कारण साधं आहे. पाण्याकडे जवळपास सरळ वरून पाहिलं तर पृष्ठभागावरून जेमतेम २ टक्के प्रकाश परततो. तळ जरा जरी उजळ असला तरी तो त्या २ टक्क्यांना गिळून टाकतो. तळ कुळकुळीत काळा केला. मासा दिसला, पण कोणी फळीवर पाऊल टाकलं की पाणी थरथरायचं आणि माशाच्या चिंध्या व्हायच्या. पाणी १५ मिमीवर आणलं, परातीखाली रबर घातलं. थरथर लवकर शमते, पण थांबत नाही. तेल घालून पाहायची सूचना होती (उकळत्या तेलाची कढई ही कल्पनाही लोकांत आहे). नाकारली. लाकडी फळीवर तेल सांडलं की पाय घसरणार आणि जवळ दिवे तापलेले.

तोडगा: पाण्याऐवजी ५ मिमीचा काळा ॲक्रिलिक पत्रा. त्यावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो, म्हणजे पाण्याच्या दुप्पट, आणि हलत काहीच नाही. पत्रा फळीपासून १०० मिमी उंच चौकटीत. पुढच्या कडेला १५० मिमी रुंदीची खरी पाण्याची पन्हळ, तिच्या तळाशी आरशाचे तुकडे.

पन्हळ प्रेक्षकांसाठी आहे. सतरंजीवर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून पाऊण मीटरवर असतो आणि रंगमंचच १ मीटर उंच. त्याला पाण्याचा पृष्ठभाग कधीच दिसणार नाही. मागे उभे राहिलेल्यांना दिसेल तोही तिरपा, त्यात मासा नसेल. मग पाणी आहे हे कळायचं कसं? पन्हळीवर बाजूने ४५ अंशांत दिवा टाकला की आरशांवरून उठलेली झिलमिल अर्जुनाच्या हनुवटीवर, गळ्यावर, कपाळावर नाचते. ती शेवटच्या माणसालाही दिसते. मासा नटासाठी ॲक्रिलिकमध्ये, पाणी प्रेक्षकांसाठी नटाच्या तोंडावर.

उभं राहण्याची जागा: वाकलेल्या नटाचा डोळा पत्र्यापासून १.३ मीटर वर, मासा ३.५ मीटर वर, दोघांमधलं आडवं अंतर २ मीटर. प्रतिबिंब दिसतं तो बिंदू डोळ्याच्या लंबापासून २ × १.३ ÷ ४.८, म्हणजे ५४ सेंमी पुढे. वाकल्यावर डोळा अंगठ्यांच्या साधारण २० सेंमी पुढे येतो, म्हणजे बिंदू अंगठ्यांपासून ७४ सेंमीवर. तो कडेपासून ३० सेंमी आत यावा म्हणून पत्र्याची जवळची कड अंगठ्यांपासून ४४ सेंमीवर. फळीवर खडूने नाही, पांढऱ्या चिकटपट्टीच्या दोन तुकड्यांनी खूण केली. खडू पहिल्याच प्रवेशात पुसला जातो.

याच आकृतीत एक गोष्ट आयती हाती आली. नटाची नजर पत्र्यावरून वर जाते ती चक्राच्या छिद्रातून तिरकी जाते. त्यामुळे माशाचा डोळा फेऱ्यातले साधारण ३ सेकंद दिसतो आणि २ सेकंद चक्राच्या काठाआड लपतो. छिद्रातून लक्ष्य वेधणं आणि प्रतिबिंबात पाहून वेधणं या दोन वेगळ्या परंपरा इथे एकाच मांडणीत बसल्या. नटालाही खरोखर वाट पाहावी लागते, ती खोटी करावी लागत नाही.

आणखी एक: वर पाहिलं तर मासा ज्या दिशेने फिरताना दिसतो, प्रतिबिंबात त्याच्या उलट फिरताना दिसतो. नटाने सरावात मान वर करून दिशा पाठ केली तर मान खाली घातल्यावर डोळे चुकतात. सराव फक्त पत्र्यात पाहूनच.

२७ फेब्रुवारी: मोटर

गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर, जुन्या बाजारातली. थेट जोडली तर फार जोरात. ४० मिमीच्या पुलीवरून १२० मिमीच्या पुलीवर गोल पट्टा, शिवाय व्होल्टेज कमी. माशाचा आस म्हणून अर्धा इंची जीआय पाइप, नायलॉनच्या बुशात. पाइप पोकळ ठेवण्याचं कारण पुढे येईल. घरघर खांबातून फळीत उतरत होती. मोटरखाली सायकलच्या ट्यूबचे चार थर घातल्यावर बंद.

४ मार्च: धनुष्य

एकूण १.७ मीटर. मुठीला ३०० मिमी पाइप, दोन्ही बाजूंना चिरलेल्या कळकाचे ७०० मिमीचे पंख, मुठीशी दोन इंची बिजागरीवर. बिजागरीत खिट्टी असेतो पंख ताठ, कोणाच्याही बापाला वाकणार नाहीत. खिट्टी काढली की पंख स्प्रिंगवर वाकतात, ४ किलोच्या ओढीने. दोन्ही खिट्ट्या सायकलच्या ब्रेकच्या तारेने मुठीखालच्या एका कडीला जोडल्या. कडी ओढली की दोन्ही सुटतात.

कडी कधी ओढायची हे मूळ पाठानेच सांगितलं. अर्जुन आधी धनुष्याला प्रदक्षिणा घालतो, नमस्कार करतो. धनुष्यपीठाच्या मागून जातानाचे ४ सेकंद त्यासाठी पुरेसे आहेत.

अडचण: दोन राजांनी जोर लावल्यावर ६ मिमीची खिट्टी किंचित वाकली आणि अडकली. पंखावर ताण असताना खिट्टी निघतही नाही, घर्षण तिला धरून ठेवतं. खिट्टी ८ मिमीची केली, भोक साडेआठ, कडा कानशीने मोडल्या, ग्रीस लावलं. नटांसाठी नियम: धनुष्य एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. प्रत्येकाने ते पीठावर परत ठेवायचं, म्हणजे पंखांवरचा ताण जातो. पीठाला दोन खाचा, धनुष्य एकाच बाजूने बसतं आणि कडी नेहमी मागेच येते.

९ मार्च: बाण

गर्दीत खरा बाण सोडायचा नाही. यावर चर्चाच नको. दोरी ढिली, रबरी, तिच्यात बाण फेकण्याइतका जोर नाही. लागलेला बाण माशातच आधीपासून: १८० मिमीची बांबूची काडी, मागे पिसं, डोळ्याशी बिजागरी, उंदराच्या सापळ्याची स्प्रिंग. पोटाला चिकटवून दुमडलेली, खिळ्याने अडकवलेली. खिळा निघाला की काडी फटकन उभी.

खिळा ओढायला रिमोट वापरून पाहिला, ४३३ मेगाहर्ट्‌झचा. मोटर चालू झाली की रिमोट बहिरा. मोटरच्या ब्रशच्या ठिणग्यांचा गोंधळ. टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १७.३ सेंमीची अँटेना लावल्यावर कार्यशाळेत वीसपैकी वीस वेळा चालला. मैदानावर ध्वनिक्षेपकाच्या बाजूला बारा वेळाच. एका रात्रीच्या एकाच क्षणासाठी बारा-वीसचा हिशेब चालत नाही. रिमोट बाद.

दोरी लावली. पोकळ आसातून वर, कप्पीवरून खांबाच्या मागे खाली. आस फिरतो म्हणून दोरीला पीळ पडतो: मिनिटाला १२ फेरे, प्रवेश १० मिनिटांचा, म्हणजे १२० पीळ. मध्ये गळाला लावतात ती फिरकी बसवली. पीळ फिरकीतच संपतो.

१६ मार्च: पडणं

पहिली मांडणी: मासा आडवा, दोन फासांवर, एक डोक्याशी, एक शेपटीच्या टोकाशी. दोरीच्या पहिल्या ओढीत बाण उभा आणि डोक्याचा फास सुटतो, मासा डोकं खाली टाकतो. दुसऱ्या ओढीत शेपटीचा फास सुटतो, मासा पडतो. पाचपैकी तीनदा तो चक्राच्या काठावर अडकला. शेपटीचा फास आसापासून १८० मिमी लांब होता. डोकं खाली गेल्यावर मासा तिथेच लटकतो, त्यात अर्ध्या पोटाचे ८० मिमी धरले की २६० होतात आणि छिद्राची त्रिज्या २५०. दहा मिमीने घात.

शेपटीचा फास आसापासून ६० मिमीवर आणला. आता १४० मिमीत सगळं बसतं. बाण बाहेर येतो, पण तो बिजागरीवर असल्याने काठाला लागला तर दुमडतो. वीस वेळा पाडला, वीसही वेळा आरपार.

दोरी ओढणाऱ्याच्या हाताशी दोन मणी ओवले. पहिला लाकडी, ३० मिमी ओढला की कडीला टेकतो: बाण. दुसरा काचेचा, आणखी ६० मिमीवर: पडणं. अंधारात बोटांना लाकूड आणि काच लगेच कळतात. दोन्हींमध्ये एक पूर्ण श्वास. तो श्वास गाळला तर बाण लागल्याचं दिसायच्या आतच मासा खाली असतो.

माशाची जमिनीवरची गती सेकंदाला ८ मीटरच्या आसपास. हलका असला तरी डोक्यात बसला तर इजा होईल. खाली १.२ मीटरचं वर्तुळ रंगवलं, आत कोणीही पाऊल ठेवायचं नाही, द्रौपदीनेही नाही. रंगवलेल्या सतरंजीखाली ५० मिमी फोम. नाक प्रत्येक वेळी चेपतं, म्हणून तीन जादा नाकं करून ठेवली, टोपीसारखी बसणारी.

२१ मार्च: वेषांतर

या प्रवेशाचं यंत्र खांबावर आहे तितकंच ब्राह्मणांच्या घोळक्यात आहे. पाच राजपुत्र भिक्षेकरी ब्राह्मण होऊन कुंभाराच्या घरी उतरले आहेत. प्रेक्षकांना हे माहीत असतं, सभेतल्या राजांना नसतं. दोघांसाठी एकाच कपड्यात काम भागवायचं आहे.

काढून टाकायच्या गोष्टी आधी. घड्याळाचा पांढरा पट्टा मनगटावर, बनियनच्या खुणा दंडांवर, अंगठीची खाच. उघड्या अंगाच्या वेषात या खुणा दिव्याखाली भुतासारख्या दिसतात. आत्तापासून घड्याळ बंद, प्रयोगाच्या दिवशी उरलेलं पॅनकेक मेकअपने सारखं करायचं. त्यावर भस्म, पण सगळ्यांना सारखं नाही. आदिपर्वात कृष्ण या पाचांना पाहतो ते राखेने झाकलेल्या अग्नीसारखे. म्हणून पाचांच्या अंगावर भस्म थोडं जास्त आणि खाली किंचित तांबूस तळ. बाकी ब्राह्मणांना नुसता मातकट. जवळून फरक कळत नाही, दिव्यात कळतो.

जटा तागाच्या. चहाच्या पाण्यात उकळल्या, मग काळ्या रंगात अर्धवट बुडवल्या. सारख्या रंगाच्या जटा बाजारातल्या टोपासारख्या दिसतात. दाढीसाठी गालाला त्याच दिवशी वस्तरा, स्पिरिटने पुसणं, स्पिरिट गमचा पातळ थर, तो चिकट होईपर्यंत थांबणं आणि मग केस, खालून वर. घाईत ओल्या गमवर लावलेली दाढी घामाने कोपऱ्यातून सुटते आणि एप्रिलमध्ये घाम येणारच.

अजिनं: मूळ पाठात अर्जुन उठतो तेव्हा ब्राह्मण हरणाची कातडी हलवून ओरडतात. खरं कातडं आणायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्ह्यात येतं. तपकिरी फरचं कापड, पांढरे ठिपके हाताने. बारा तुकडे. हलवल्यावर फडफड ऐकू यावी म्हणून मागे जाड कॅनव्हास.

ज्याघात: धनुष्याच्या दोरीचे घट्टे. विराटपर्वात अर्जुनाला हीच चिंता असते आणि तो ते बांगड्यांखाली लपवतो. स्वयंवरात त्यांचा उल्लेख नाही, ही उसनवारी आमची. टिश्यू पेपरच्या सुरकुत्या स्पिरिट गमने दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटं सोडून बोटभर लांब, वर फिकट जांभळट रंग. दोन्ही हातांना, कारण तो सव्यसाची आहे. उपरण्याने झाकलेले. प्रेस बटणावर लावलेलं उपरणं धनुष्य उचलताना घसरतं, घट्टे दिसतात. ते पाहणारा एकच: कृष्ण. मागच्या रांगेला घट्टे दिसणार नाहीत, कृष्णाची मान वळलेली दिसेल. तेवढं पुरतं.

भीमाला घोळक्यात लपवणं अवघड गेलं. त्याला मागे बसवला तर तो सगळ्यांच्या वर दिसतो. पुढे, पाय पसरून, पाठीला पोक काढून बसवला. पुढे बसलेल्या माणसाकडे कोणी संशयाने पाहत नाही.

प्रकाश: राजांच्या बाजूला पिवळा, भरपूर. ब्राह्मणांच्या बाजूला त्याच्या निम्मा. अर्जुन उठला की त्याच्यावर झोत टाकायची मागणी आहे. टाकायचा नाही. धनुष्याला दोरी चढेपर्यंत तो घोळक्यातलाच एक ब्राह्मण असला पाहिजे. झोताने त्याचं वेषांतर दिवेवालाच फोडतो.

२८ मार्च: मुकुट, माळ, झाड

हरलेल्या राजांचे मुकुट आणि हार निखळतात असं वर्णन आहे. दोन मुकुट निखळणारे केले, पट्टी आणि मुकुट यांच्यामध्ये चार छोटी लोहचुंबकं. वेल्क्रोचा फर्रर्र आवाज हसू आणतो.

माळ पांढरी. मूळ पाठात द्रौपदी पांढरी माळ घेऊन येते. लाल गुलाबांचा हार नको. मोगऱ्याचा गजरा दिव्यांच्या उष्णतेत तासाभरात पिवळा पडतो. निशिगंध, ओल्या फडक्यात, शेवटच्या क्षणी बाहेर.

भीमाचं झाड: तो झाड उपटतो आणि पानं ओरबाडून टाकतो. पीव्हीसी पाइपला तिरकी भोकं, त्यांत आंब्याच्या डहाळ्या नुसत्या खोचलेल्या. खालून वर हात ओढला की सगळ्या एका झटक्यात गळतात. भोकं टोकाकडे कललेली हवीत. उलटी पाडली तर हात अडकतो.

तोरणं ताजी लावायची नाहीत. द्रौपदी येते तो उत्सवाचा सोळावा दिवस आहे. निम्मी आंब्याची पानं आठवडाभर आधी बांधून वाळवायची.

३ एप्रिल: संकेतांची साखळी

बाण उभा राहताना मासा प्रेक्षकांना आडवा दिसला पाहिजे, नाहीतर बाण टोकाकडून दिसतो, म्हणजे दिसतच नाही. वरच्या पुलीवर पांढरी रेघ मारली. रेघ मागच्या बाजूला आली की दोरीवाला पायाने बटण दाबतो, पखवाजाजवळचा लाल दिवा लागतो, थाप पडते. थापेवर तीन गोष्टी एकदम: नटाची बोटं सुटतात, खांबावरचे दोन दिवे प्रेक्षकांच्या डोळ्यांवर पाव सेकंद लखलखतात, दोरी लाकडी मण्यापर्यंत येते. डोळे दिपलेले असताना नटाच्या हातातला बाण धनुष्यपीठामागच्या काळ्या कापडात जातो. नटाला ताणलेलं धनुष्य जास्तीत जास्त एक फेरा, ५ सेकंद धरावं लागतं.

माशावरचा दिवा खालून वर, खांबाच्या मध्यावर, टिनाच्या नळकांड्यात. नळकांडं नसेल तर दिव्याचंच प्रतिबिंब ॲक्रिलिकमध्ये येतं आणि मासा त्यात बुडतो. खांब लोखंडी, दिवा २३० व्होल्टवर: अर्थिंगची वेगळी तार आणि ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). याशिवाय प्लग लावायचा नाही.

९ एप्रिल: रंगीत तालीम

बिघाड तीन. संध्याकाळच्या धुळीने ॲक्रिलिक राखाडी झालं, प्रतिबिंब फिकटलं. प्रवेशाआधी ओल्या, मग कोरड्या सुती फडक्याने पुसायचं. पोशाखाच्या कापडाने नाही, चरे पडतात. दुसरा: पुष्पवृष्टीतल्या झेंडूच्या ओल्या पाकळ्यांवर एक राजा घसरला. पाकळ्या आदल्या दिवशी पसरून वाळवायच्या आणि ॲक्रिलिकच्या बाजूला टाकायच्याच नाहीत. तिसरा: कर्णाने धनुष्य पीठावर न ठेवता जमिनीवर ठेवलं. कडी पुढे आली, अर्जुनाला ती प्रेक्षकांसमोर ओढावी लागली. पीठाशेजारी धृष्टद्युम्नाला कायम उभा केला. कोणी विसरलं तर धनुष्य उचलून पीठावर ठेवणं त्याचं काम, यजमानाच्या मुलाला ते शोभतंही.

१२ एप्रिल: प्रयोग

वारा मध्यम, तारा दोनदा ताणल्या. कडी पहिल्या ओढीत सुटली. रेघेसाठी पाऊण फेरा थांबावं लागलं आणि तेवढ्यात पखवाजाशिवाय मैदानात कसलाही आवाज नव्हता. बाण, एक श्वास, मासा छिद्रातून सरळ सतरंजीवर. उठलेल्या गलक्यात अजिनांची फडफड ऐकूच आली नाही.

१४ एप्रिल: आवरणं

मासा: नाक तिसरं, शेपटीजवळ बेगडीचे अकरा खवले सुटले, बदलायचे. धनुष्याच्या वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू ढिले. कळकात थेट स्क्रू धरत नाहीत, आरपार बोल्ट घालायचे. ॲक्रिलिक फ्लॅनेलमध्ये गुंडाळून उभं ठेवलं, आडवं ठेवलं तर वर काहीतरी रचलं जातं. फिरकीत धूळ, रॉकेलने धुऊन तेल. वाळूची पोती रिकामी केली. खांब तीन तुकड्यांत उघडून प्रत्येक तुकड्यावर रंगाने क्रमांक टाकले आणि बोल्ट त्या-त्या भोकांतच परत घट्ट केले.